मदत हवी आहे : बंदुकांवरच्या प्रश्नावलीतले मराठी शब्द

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठीच्या प्रश्नावलीत अडलंय. ‘गन कंट्रोल’ला ‘बंदूकबंदी’ लिहिलं की प्रश्नच बदलतो. म्हणून गॅलप या अमेरिकी जनमत चाचणी संस्थेसारखं विचारलंय: विक्रीचे कायदे आणखी कडक हवेत, सैल की आहेत तसेच? घरातली बंदूक भरलेली असते का, कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या ठेवता का, हे तीन सुटे प्रश्न. एकत्र केले तर ‘हो’ कशाला, ते कळत नाही.

खरी गोची १३ ते १७ वयोगटाची. ‘मोठ्यांना न विचारता भरलेली बंदूक किती वेळात हाती येईल?’ (आईबाबा शेजारी बसलेले असतील तर विचारूच नये!) यात मुलं मित्राच्या घरची बंदूक धरतील का? की ‘तुमच्या किंवा दुसऱ्याच्या घरी’ असं फोडून लिहू? आणि ‘बॅकग्राउंड चेक’ला (बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याच्या गुन्ह्यांच्या वगैरे नोंदी तपासणं) ‘पार्श्वभूमी तपासणी’पेक्षा सरळ शब्द सुचवा.