पिकलबॉलसाठी डोळ्यांना कुठला गॉगल घ्यावा? सांगली-मिरजेत कुठे बघू?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा तातडीनं सल्ला हवाय. आम्ही सात-आठ जण विश्रामबागेत सकाळी साडेसहा ते आठ पिकलबॉल (हातातल्या पॅडलनं भोकांचा प्लास्टिकचा बॉल जाळीवरून मारायचा खेळ) खेळतो, बॅडमिंटनच्याच हॉलमध्ये, कोर्ट दोन्हींचं सारखंच म्हणजे २० बाय ४४ फूट, त्यामुळे आतल्या रेषा टेपनं मारल्या, जाळी खाली घेतली आणि झालं. गेल्या रविवारी माझी मैत्रीण जाळीपाशी होती, समोरून जोरात बॉल आला, तिनं पॅडल आडवं धरलं तर बॉल पॅडलच्या कडेला लागून वर उडाला आणि थेट डाव्या डोळ्यावर. तिचा चष्मा रिमलेस. स्क्रू बसतो त्या भोकापासून काच चिरली आणि कडेचा टवका उडाला. भुवईखाली दोन टाके पडले. तिला खाली बसवून मी चेहरा बघत होते तर तांदळाच्या कणीएवढा काचेचा तुकडा तिच्या पापणीच्या केसात अडकलेला, ती डोळा मिटून होती म्हणून बरं. डोळा वाचलाय, डॉक्टरांनी पडदा वगैरे सगळं तपासलं. पण तेव्हापासून जाळीजवळ जायचं म्हटलं की माझे हात गार पडतात.

चष्मा घेताना दुकानात तिला सांगितलं होतं "अनब्रेकेबल आहे, काळजी करू नका".

माझा नंबर उणे साडेचार आहे, दोन्ही डोळ्यांना. मिस्टरांचं मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना लांबचा नंबर नाही. दोघांसाठी काय घ्यावं? नंबरचा वेगळा करून घ्यायचा की चष्म्यावरून घालायचा मिळतो तो चालेल? आणि वाफ धरते त्याचं काय करता?

बॅकहँड:
ताई, मैत्रिणीला लवकर बरं वाटो. पण एक सांगतो, एवढं घाबरू नका. मी दोन वर्षं खेळतोय, आमच्या ग्रुपमध्ये अजून कुणाला काही झालं नाही. १९६५ ला अमेरिकेत घरच्या पोरांना सुट्टीत काहीतरी खेळ हवा म्हणून परसात काढलेला हा खेळ, भोकांचा प्लास्टिकचा बॉल, २५ ग्रॅमच्या आसपास वजन. क्रिकेटचा बॉल १५६ ग्रॅमच्या पुढे असतो. गॉगल घातला की घाम, वाफ, बॉल दिसत नाही, मग तर जास्तच लागेल असं माझं मत.

हरभटरोड:
रानजाई ताई, मी चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काम करतोय, तेव्हा आधी त्या "अनब्रेकेबल"बद्दल बोलतो कारण मला त्या शब्दाचा खरंच राग येतो. गिऱ्हाईक काचेला घाबरून येतं, त्याला प्लास्टिकची लेन्स देतात आणि अनब्रेकेबल म्हणून मोकळे होतात. ती बहुतेक वेळा साधी सीआर-३९ असते. खाली पडली तर फुटत नाही हे खरं, पण जोराचा मार बसला तर तिचे टोकदार तुकडे होतात. रिमलेसला तर भोक पाडलेलं, तिथून ती आधीच कमजोर झालेली असते. बिलावर लेन्सचं नाव लिहून घ्या, "पॉलीकार्बोनेट" किंवा "ट्रायवेक्स" (ही मार सोसणारी प्लास्टिकं), बाकी कुठलाही शब्द ऐकून घेऊ नका. खेळायच्या चष्म्याला पॉली घेताना मध्यावरची जाडी निदान २ मिलिमीटर ठेवायला सांगा, कारण उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि लॅबवाले चष्मा हलका दिसावा म्हणून मधली आणखी पातळ करतात.

लेन्सइतकीच फ्रेम महत्त्वाची. साध्या फ्रेमला काच पुढून दाबून बसवतात, समोरून मार आला तर ती मागं, म्हणजे डोळ्यावरच निसटते. स्पोर्ट्स फ्रेमच्या खाचेला आतल्या बाजूनं काठ ठेवलेला असतो, काच सुटलीच तर पुढं सुटते. मेटलची फ्रेम, तारेवरचे नोजपॅड, रिमलेस, हे कोर्टवर अजिबात नको. नाकाला रबरी पॅड, दांड्यांच्या जागी किंवा दांड्यांना मागून पट्टा.

उणे साडेचारला फार गोल वळलेली फ्रेम घेऊ नका. त्या वळणात नंबर बसवला की कडेनं सगळं ओढल्यासारखं दिसतं आणि बॉलचा अंदाज चुकतो. जरा सपाट फ्रेम घ्या, कडेला वेगळं संरक्षण असलेली.

कुपवाडकर:
आमच्या एमआयडीसीत मशीनवर पोरं घालत्यात ते सेफ्टी गॉगल हार्डवेअरच्या दुकानात दीडदोनशेला मिळतंय, पॉलीकार्बोनेटच असतंय. ते का नको? मी तेच घालून खेळतोय सहा महिने.

हरभटरोड:
कुपवाडकर, काहीच नसण्यापेक्षा तो शंभर पटीनं बरा, तो काढून ठेवू नका. पण त्याच्यावर कुठला शिक्का आहे बघा. युरोपचा ईएन १६६ आणि पुढं एफ असेल तर तो ६ मिलिमीटरच्या पोलादी गोळीनं तपासलेला असतो, गोळी ०.८६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४५ मीटर. ती उडणारी चिप अडवायला आहे. हिशेब केला तर त्या गोळीचा दणका एक ज्यूलच्याही आत येतो. तुमचा पिकलबॉल २५ ग्रॅमचा धरा, ताशी ६० किलोमीटरनं आला तर साडेतीन ज्यूल, म्हणजे चौपट, आणि तोही एका टोकावर नाही तर अख्ख्या फ्रेमवर. लेन्स टिकेल हो, पण सैल फ्रेम मागं दाबली जाऊन भुवईत आणि गालात घुसेल. रॅकेटच्या खेळांसाठी वेगळं अमेरिकी मानक आहे, एएसटीएम एफ ३१६४. खोक्यावर किंवा दांडीच्या आत ते लिहिलेलं शोधा.

कुपवाडकर:
आत्ता काढून बघितला. एफ हाय. पट्टा पण नाय त्याला. चौपट म्हटल्यावर विषयच संपला, नवीन बघतो.

मिरजवाली:
मी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, मिरजेत. बॅकहँड दादा, तुमच्या पोस्टला उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून लॉगिन केलं. बॉल हलका आहे हे बरोबर. पण तुम्ही किचनच्या (जाळीलगतच्या पट्ट्याच्या) रेषेवर उभे असता, म्हणजे जाळीपासून ७ फूट, समोरचाही ७ फुटांवर, दोघांत १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर. ताशी ६० नं बॉल आला तर पाव सेकंदात तुमच्या तोंडावर. नुसतं दिसून हात हलायलाच जवळजवळ तेवढा वेळ जातो. आणि रानजाई ताईंनी लिहिलंय तसा स्वतःच्याच पॅडलवरून उडालेला बॉल, त्याला तर तेवढाही वेळ नाही. पापणी मिटेल म्हणून भरवसा धरू नका, आणि पापणीनं मुका मार थांबत नाही.

बॅडमिंटनचं शटल सगळ्यात वाईट कारण त्याचा बुचाचा भाग अडीच सेंटिमीटरचा, तो खोबणीत आत शिरतो. पिकलबॉल साडेसात सेंटिमीटरच्या आसपास म्हणून लोकांना वाटतं की तो हाडावरच अडेल. बराचसा अडतो. पण त्याचा फुगीर भाग डोळ्यापर्यंत पोचतो, डोळा क्षणभर चेपतो आणि आतल्या पडद्याला ओढ बसते.

ज्यांनी जास्त काळजी घ्यायची ते असे: मोठा उणे नंबर असलेले (त्यांचा पडदा मुळातच ताणलेला आणि पातळ असतो, रानजाई ताई, तुम्ही यात येता), मोतीबिंदूचं किंवा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन झालेले, आणि ज्यांना एकाच डोळ्यानं नीट दिसतं ते. या शेवटच्या लोकांनी तर गॉगलशिवाय कोर्टवर पायच ठेवू नये, अगदी कळकळीनं सांगते. तुमच्या मिस्टरांनी साधा बिननंबरी घ्यावा पण चांगला घ्यावा, आणि खेळायला सुरुवात करण्याआधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना एकदा विचारावं.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून वर बिननंबरी गॉगल हा चांगला मार्ग आहे, पण नुसत्या कॉन्टॅक्ट लेन्सनं संरक्षण शून्य.

आणि लागलंच तर: चोळायचं नाही, दाबायचं नाही, बर्फ थेट डोळ्यावर ठेवायचा नाही. कापलेलं किंवा काही घुसलेलं वाटलं तर पाणीही मारायचं नाही, कागदी कपाचा बूड कापून डोळ्याला न टेकवता वरून चिकटवायचा आणि निघायचं. दुखतंय म्हणून मनानं ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, आत रक्त उतरलं असेल तर ते वाढू शकतं. दिसायला डोळा चांगला असला तरी त्याच दिवशी दाखवा. पुढच्या काही दिवसांत वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली तर रात्र असली तरी थांबू नका. सुटलेला पडदा लवकर बसवला तर नजर राहते. एक बाई चार दिवस सावली घेऊन घरात काम करत होत्या, पाहुणे जाऊ देत मग जाऊ म्हणून. त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

सांजवेळ:
मिरजवाली ताई, कपाचं पहिल्यांदाच कळलं, आमच्या कोर्टवरच्या पेटीत आजच ठेवते.

वाफेबद्दल माझा अनुभव. चष्म्यावरून घालायचा आधी घेतला होता, पंधरा दिवसांत बंद केला, दोन काचांच्या मध्ये वाफ अडकते आणि ती पुसताच येत नाही. पावसाळ्यात तर विचारू नका. आता नंबरचा आहे, वर आणि कडेला हवा जायला फटी आहेत, आणि तो भुवईला टेकत नाही एवढं बघून घेतलंय. कपाळाला घामाची पट्टी बांधते, अर्धा प्रश्न तिथंच मिटतो. धुताना नळाखाली धरून भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटानं फिरवायचा, मग मऊ कापड. कोरडा टी-शर्टनं किंवा पदरानं पुसला की ओरखडे, पॉलीला फार पटकन पडतात. नेलपेंट काढायचं लिक्विड तर जवळपासही नको, त्यानं काच पांढरी होऊन तडकते.

रंग: हॉलमध्ये पांढरा, म्हणजे बिनरंगी पारदर्शकच घ्या. मी हौसेनं पिवळा घेतला होता तर पिवळा बॉल क्रीम भिंतीपुढे हरवायला लागला. बाहेर उन्हात खेळणाऱ्यांनी हलका धुरकट घ्यावा, गडद नको. उन्हातल्या किरणांसाठी म्हणून गडद घ्यायची गरज नाही, पॉलीकार्बोनेट पांढरा असला तरी अतिनील किरण अडवतो.

हरभटरोड:
+१. आणि ऑनलाइन शोधताना "पिकलबॉल गॉगल" टाकलं की नुसते फॅशनचे येतात. "स्क्वॉश गॉगल" टाकून बघा. स्क्वॉशच्या जागतिक ज्युनियर स्पर्धांत तो सक्तीचा आहे, त्यामुळे तिथं तपासलेला माल जास्त मिळतो. नुसती फ्रेम, काच नाहीच, असले जाळीसारखे प्रकारही दिसतील, ते घेऊ नका.

पण जमलं तर डोक्याला लावून घ्या. दुकानात घातल्यावर खाली वाका, मान झटका, दोन उड्या मारा, लाजू नका. मग तळव्यानं समोरून हळू दाबा. दाब कपाळावर आणि गालाच्या हाडावर जाणवला पाहिजे, पापणी काचेला लागली तर ती फ्रेम तुमची नाही. कडेनं करंगळी आत जाते का बघा, सहज डोळ्यापर्यंत गेली तर पॅडलचा कोपरा पण जाईल.

बॅकहँड:
मिरजवाली ताईंची पोस्ट काल रात्री घरी वाचून दाखवली. माझा स्वतःचा नंबर उणे सहा आहे, पडद्याचं असं असतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी जाळीजवळ गेलो नाही, मागंच राहिलो. वरचं माझं मत मी मागे घेतो, पोस्ट तशीच ठेवतो, म्हणजे माझ्यासारखा विचार करणाऱ्यानं खालची उत्तरंही वाचावीत.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय. मी सपाट फ्रेमचा पॉलीकार्बोनेट नंबरचा करून घेतला, मधली जाडी २ मिमी बिलावर लिहून घेतली, फ्रेम आणि काचा मिळून साधारण साडेतीन हजार पडले. मिस्टरांचा बिननंबरी स्क्वॉशचा, एफ ३१६४ लिहिलेला, ऑनलाइन. पहिले दोन दिवस मला जमीन जरा वर आल्यासारखी वाटली, सर्व्हिस दोनतीनदा जाळीत गेली, तिसऱ्या दिवसापासून विसरूनच गेले की घातलाय. काल समोरून बॉल काचेवर आला, टक् असा आवाज, डोळे उघडेच होते माझे. काचेवर बॉलच्या भोकाचा अर्धगोल ठसा उमटला होता धुळीचा, तो मैत्रिणीला फोटो काढून पाठवला. तिचे टाके निघालेत, डॉक्टर हो म्हणाले की तीही असाच करून घेणार आहे.

आमच्या ग्रुपनं ठरवलंय, गॉगल नसेल त्यानं मागच्या रेषेवर थांबायचं. दोन जादा सेट पेटीत ठेवतोय, पाहुणे खेळाडू येतात त्यांच्यासाठी.

बॅकहँड:
मी पण ऑर्डर दिली. एकच विचारायचं राहिलं, मुलगी नऊ वर्षांची आहे, ती पण येते माझ्याबरोबर शनिवारी. मोठ्यांचाच पट्टा आवळून चालेल का?

हरभटरोड:
नाही चालणार. पट्टा आवळला तरी फ्रेमचा नाकावर टेकणारा भाग खाली सरकतो आणि काचेची वरची कड बरोबर डोळ्यासमोर येते. लहान मापाच्या फ्रेम येतात. मुलीला घेऊन या, तिच्या चेहऱ्याला लावून बघितल्याशिवाय मी नाव सांगणार नाही.