पावणेतीन म्हणजे दोन की तीन? घड्याळ आणि गणित शिकतानाचे अनुभव

काल लेकीला विचारलं, किती वाजले? भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "तीन वाजून पंचेचाळीस." वाजले होते पावणेतीन. ओरडणारच होते, पण मग मीच घड्याळाकडे नीट बघितलं. छोटा काटा तीनला टेकायला आलेला, मोठा नवावर. वर आपण त्या वेळेला नावही तीनचंच दिलंय. तिचं काय चुकलं?

अशा चुका लिहा. तुमच्या स्वतःच्या, मुलांच्या, वर्गातल्या. "गणित कच्चं होतं" एवढंच नको, नेमकं कुठे अडलं ते सांगा.

* * *

पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या मते निम्मा दोष पुठ्ठ्याच्या घड्याळाचा. त्यात दोन्ही काटे एकमेकांची ओळख नसल्यासारखे फिरतात. साडेचार दाखव म्हटलं की मूल छोटा काटा बरोबर चारावर ठेवतं, मोठा सहावर, आणि आपण बरोबरची खूण करतो! खऱ्या घड्याळात काटे असे कधीच उभे राहत नाहीत. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतच असतो, साडेचारला तो चार आणि पाचच्या मधोमध हवा.

मी एका बंद घड्याळाचा मिनिटकाटा उपटून टाकला. पहिले काही दिवस नुसता तासकाटा. मुलं सांगतात, "दोन वाजून गेले", "तीन वाजत आले". हे 'वाजत आले' एकदा तोंडात बसलं की पावणेतीनला फार समजवावं लागत नाही. मिनिटकाटा परत लावला तेव्हा एकाने विचारलं, "बाई, हा कशाला? कळतंय की." खरं सांगायचं तर पाच-दहा मिनिटांच्या फरकाने त्याला कळतही होतं.

* * *

एकोणसाठ! पाटीवर ६९ लिहिलं म्हणून उभं केलं होतं मला. साठ ऐकू आलं म्हणून सहा लिहिले, 'एकोण'मध्ये नऊ असतो एवढं ठाऊक होतं, म्हणून पुढे नऊ. एकोण म्हणजे एक उणा, साठाला एक कमी, हे कुणी सांगितलंच नाही. मोठेपणी स्वतःचं स्वतःला कळलं तेव्हा चक्क राग आला. आणि नियम कळला म्हणून खूश व्हावं, तर नव्व्याण्णव आडवा येतो. एकोणशंभर का नाही म्हणे?

* * *

वरच्यात भर. आमच्याकडे पंचवीस सांगितलं की ५२. कानावर पाच आधी पडतो, हात पाच आधी लिहितो. जर्मन आणि अरबीतही एकक आधीच बोलतात, तेव्हा हे काही फक्त आपल्याच मुलांचं दुखणं नसणार. आम्ही उपाय साधा केला: आकडा पूर्ण ऐकायचा, मग पेन्सिल उचलायची.

* * *

मुलाची वही. २:५० ला निघालेली गाडी ४:१० ला पोचली, किती वेळ लागला? उत्तर: १ तास ६० मिनिटं. त्याने ४१० मधून २५० वजा केले होते, वजाबाकी अगदी चोख. तासाकडून उसने घेतले ते शंभर, साठ नव्हेत. "मग हे दोन तास झाले ना?" म्हटलं, तर म्हणाला, "हो, पण उत्तर एक साठच येतं."

आता वजाबाकी बंद. उड्या मारतो: २:५० ते ३ दहा मिनिटं, ३ ते ४ एक तास, वर दहा. एक तास वीस. साठच का, हे त्याने विचारलं तेव्हा बॅबिलोनमधली साठाची मोजणी सांगितली. त्यात फार रस दिसला नाही. साठाचे तीन सारखे भाग पडतात, शंभराचे पडत नाहीत, हे मात्र त्याने करून बघितलं.

* * *

नात "साडेएक वाजले" म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. साडेतीन चालतं, साडेचार चालतं, मग साडेएकने काय घोडं मारलंय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. दीड, अडीच पाठ कर, एवढंच सांगता आलं.

तिचा पुढचा प्रश्न: बारा तासांत दोन्ही काटे किती वेळा एकमेकांवर येतात? मी ठोकून दिलं, बारा. तिने गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन मागची किल्ली फिरवायला सुरुवात केली. एक वाजून पाचच्या पुढे, दोन वाजून अकराच्या आसपास, असं करत दहा पंचावन्नच्या जरा आधी दहावी गाठ. मग अकरा वाजले, काटे फिरताहेत, फिरताहेत, गाठ नाहीच. पडली ती थेट बाराला. एकूण अकरा. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा एक फेरी झाली. ते घड्याळ अजून सात मिनिटं पुढे आहे.