शिबू सोरेन यांच्या जीवनपरिचयात खटल्यांविषयी काय आणि कसे लिहावे?

प्रश्न – तासगावकर

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळातर्फे भित्तिपत्रकासाठी देशातील आदिवासी नेत्यांचे परिचय लिहिण्याचे काम चालू आहे आणि त्यात शिबू सोरेन यांचा परिचय माझ्याकडे आला आहे. ११ जानेवारी १९४४ रोजी आताच्या रामगढ जिल्ह्यातील नेमरा या गावी त्यांचा जन्म झाला. दुमका मतदारसंघातून ते आठ वेळा लोकसभेवर गेले, तीनदा झारखंडचे मुख्यमंत्री झाले, केंद्रात कोळसामंत्री होते आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी राज्यसभेचे सदस्य असतानाच दिल्लीत त्यांचे निधन झाले. एवढा भाग लिहून झाला आहे आणि त्याविषयी मंडळात मतभेद नाहीत.

अडचण पुढच्या भागाची आहे. चिरूडीह हत्याकांड, १९९३ चे लाच प्रकरण आणि त्यांचे खासगी सचिव शशिनाथ झा यांचा खून या तिन्ही प्रकरणांत ते आरोपी होते. मंडळातील काहींचे म्हणणे असे की, न्यायालयांनी त्यांना सगळ्यांतून सोडले असल्यामुळे या प्रकरणांचा उल्लेख करणे अन्यायाचे होईल. उलट, काहींनी केलेल्या मसुद्यात आंदोलनाला दोन ओळी आणि खटल्यांना दीड पान अशी वाटणी झाली आहे. मला दोन्ही पटत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही तिन्ही प्रकरणे एकाच प्रकारे संपली असे म्हणता येईल का, आणि शाळा-महाविद्यालयातील मुले वाचणार आहेत अशा परिचयात त्यांची मांडणी कशी असावी, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – वकील, कऱ्हाड

तासगावकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. मंडळातील मतभेदाचे मूळही मला तिथेच दिसते, कारण दोन्ही पक्ष तीन वेगवेगळ्या शेवटांना एकच समजून चालले आहेत.

चिरूडीहची घटना २३ जानेवारी १९७५ ची. जामताडा भागातील त्या गावात आदिवासी आणि बिगरआदिवासी यांच्यात संघर्ष होऊन किमान दहा माणसे मारली गेली आणि जमावाला चिथावल्याचा आरोप सोरेन यांच्यावर आला. खटला कित्येक वर्षे पडून राहिला. जुलै २००४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर एकोणतीस वर्षांनी, जामताडा न्यायालयाने अटक वॉरंट काढले तेव्हा ते केंद्रात कोळसामंत्री होते. काही दिवस ते कोणाला सापडले नाहीत, मग राजीनामा देऊन न्यायालयापुढे हजर झाले, महिनाभर कोठडीत राहिले, जामिनावर सुटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा मंत्री झाले. मार्च २००८ मध्ये जामताडा येथील न्यायालयाने पुराव्याअभावी त्यांची मुक्तता केली. येथे पुरावा न्यायालयापुढे आला, तपासला गेला आणि अपुरा ठरला.

शशिनाथ झा मे १९९४ मध्ये दिल्लीतून बेपत्ता झाले. १९९३ च्या पैशांची माहिती त्यांना होती आणि त्यावरून त्यांचा रांचीजवळ खून करण्यात आला, असे सीबीआयचे म्हणणे होते. नोव्हेंबर २००६ मध्ये दिल्लीच्या सत्र न्यायालयाने सोरेन यांना दोषी ठरवले आणि डिसेंबरमध्ये जन्मठेप सुनावली. पदावर असलेला केंद्रीय मंत्री खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरण्याचा हा देशातील पहिलाच प्रसंग होता. ऑगस्ट २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही, इतकेच नव्हे तर सापडलेला सांगाडा झा यांचाच होता हेही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही मुक्तता कायम केली. म्हणून या प्रकरणात ‘जन्मठेप झाली’ एवढेच लिहून थांबणारा मसुदा सरळसरळ चुकीचा ठरतो, आणि ‘सुटले’ एवढेच लिहिणाराही अपुरा राहतो.

लाच प्रकरणाचा शेवट मात्र अगदी निराळा आहे. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारवरील अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. ठरावाच्या विरोधात मत देण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या चार खासदारांना पैसे देण्यात आले, असा आरोप होता आणि सोरेन हे त्या चौघांपैकी एक होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, संविधानाच्या अनुच्छेद १०५(२) नुसार सभागृहात दिलेल्या मताशी निगडित असल्यामुळे लाच घेतल्याबद्दल या खासदारांवर खटला चालवता येत नाही. आरोपींपैकी दुसरे खासदार अजितसिंग मतदानालाच गेले नव्हते, म्हणून त्यांना हे संरक्षण मिळाले नाही. पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणारा वाचतो आणि मत न देणारा अडकतो, अशी ती विपरीत स्थिती होती. पैसे देणाऱ्यांनाही संरक्षण नव्हते. स्वतः राव यांना २००० मध्ये शिक्षा झाली आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

म्हणजे या तिसऱ्या प्रकरणात सोरेन यांच्याविरुद्धचा पुरावा साक्षीपुराव्याच्या कसोटीपर्यंत पोहोचलाच नाही. न्यायालयाने दार बंद केले ते संसदेच्या विशेषाधिकारामुळे. आरोप खोटा होता किंवा खरा होता, याचा निर्णय तेथे झाला नाही. आपल्या परिचयात निदान ही एक गोष्ट नेमकी यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर – निवृत्त शिक्षक, कुंडल

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू इतकी नीट मांडली आहे की तिला मी हात लावत नाही. मला काळजी आहे ती आंदोलनाच्या त्या दोन ओळींची.

शिबू यांचे वडील सोबरन मांझी शिक्षक होते. सावकारी आणि दारू यांविरुद्ध ते बोलत असत. नोव्हेंबर १९५७ मध्ये, शिबू तेरा वर्षांचे असताना, सावकारांच्या माणसांनी वडिलांचा खून केला. शिकणारा मुलगा शाळा सोडून गावोगाव फिरू लागला तो येथून. त्या मुलखात छोटानागपूर काश्तकारी कायदा १९०८ पासून आणि संथाल परगण्याचा १९४९ पासून होता, आदिवासींची जमीन इतरांच्या हाती जाऊ नये हाच त्यांचा हेतू होता; परंतु कायदा कागदावर राहिला आणि कर्जापोटी गहाण पडलेल्या शेतातले पीक महाजनाच्या, म्हणजे सावकाराच्या, खळ्यात जात राहिले. सत्तरच्या दशकात धनबादजवळच्या टुंडी भागात सोरेन यांनी ‘धनकटनी’ सुरू केली. महाजनाच्या ताब्यातील शेतात भात पिकले की बायका विळे घेऊन कापणीला उतरत आणि पुरुष धनुष्यबाण घेऊन बांधावर पहारा देत. त्याच काळात रात्रशाळा चालल्या, दारूबंदीची मोहीम झाली, गावांची भांडणे गावातच मिटवली जाऊ लागली. लोक त्यांना ‘दिशोम गुरू’ म्हणजे देशाचा गुरू म्हणू लागले ते यामुळे. मंत्रिपदे पुष्कळ नंतर आली. वकील असलेले बिनोद बिहारी महतो, कोळसा कामगारांचे नेते ए. के. रॉय आणि सोरेन यांनी मिळून मुक्ती मोर्चा उभा केला, तेव्हा खाण कामगार, कुर्मी शेतकरी आणि संथाल आदिवासी प्रथमच एका झेंड्याखाली आले.

कुंडलच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने याच भागात गावोगाव न्यायदान केले, सावकारांना आणि गुंडांना जरब बसवली. तेव्हाच्या सरकारदरबारी ती सारी माणसे गुन्हेगारच होती, आणि पुढे नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले. आपल्या मुलांना हे नाते दाखवले तर टुंडी त्यांना परके वाटणार नाही. फरकही सांगावा. प्रतिसरकारसमोर परकी सत्ता होती. सोरेन यांच्यासमोर स्वतंत्र भारताचे पोलीस, न्यायालये आणि जमिनीच्या रक्षणाचा कायदाही होता, आणि तरीही शेत परत मिळवायला विळाच हाती घ्यावा लागला. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिनी, झारखंड राज्य झाले त्यामागे या माणसांची तीन दशके आहेत. परिचयाचा मोठा भाग येथेच खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर – वाचक, मिरज

गुरुजींच्या भावनेचा मी आदर करतो, तरी एका ठिकाणी मला थांबावेसे वाटते. चिरूडीहमध्ये मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. ते सगळेच मोठे सावकार नव्हते. ‘दिकू’ म्हणजे बाहेरचे, या एका शिक्क्याखाली ते आले. खटला तेहतीस वर्षांनी संपला, आणि एवढ्या काळाने साक्षीदार हयात राहिले नाहीत, राहिले त्यांना आठवेना, असे झाले तर त्यात नवल नाही. आरोपीला पुराव्याअभावी सोडणे योग्यच आहे. पण त्या घरांना आपली माणसे कोणी मारली याचे उत्तर आजवर मिळालेले नाही. झा यांच्या कुटुंबाचेही तसेच. उच्च न्यायालयाने सोरेन यांना सोडले, पण मग झा यांचे काय झाले हा प्रश्न उघडाच राहिला. परिचय नेत्याचा असला तरी एक परिच्छेद या माणसांसाठी असावा, ही माझी सूचना आहे.

दुसरे, सत्तेतील सोरेन यांच्याविषयीही लिहावे लागेल. तीन कार्यकाळ मिळून ते वर्षभरही मुख्यमंत्री नव्हते. मार्च २००५ मध्ये बहुमत नसताना राज्यपालांनी त्यांना शपथ दिली आणि दहा दिवसांत पायउतार व्हावे लागले. ऑगस्ट २००८ मध्ये ते पुन्हा आले, पण विधानसभेचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांच्या आत निवडून येणे आवश्यक असताना जानेवारी २००९ मध्ये तमाडच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला आणि राज्यात राष्ट्रपती राजवट आली. डिसेंबर २००९ मध्ये ते भाजपच्या पाठिंब्याने तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले, आणि एप्रिल २०१० मध्ये लोकसभेत जाऊन त्यांनी भाजपच्याच कपात सूचनेविरुद्ध (सरकारच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध), काँग्रेस आघाडीच्या बाजूने मत दिले. पाठिंबा गेला आणि महिन्याभरात सरकारही गेले. ज्या माणसाच्या शब्दावर हजारो लोक शेतात उतरत होते, त्याला राज्य मिळाल्यावर स्थिर सरकार देता आले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. १९९३ पासूनच्या तडजोडींचे हे ओझे होते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद – निवृत्त शिक्षक, कुंडल

मृतांसाठी परिच्छेद असावा, ही सूचना मला पूर्ण मान्य आहे. अस्थिरतेचा सगळा दोष मात्र एका माणसावर टाकू नये. ८१ जागांच्या त्या विधानसभेत २०१४ पर्यंत कोणत्याच पक्षाचे सरकार पाच वर्षे टिकले नव्हते आणि मधु कोडा हे अपक्ष आमदार असूनही मुख्यमंत्री झाले होते. कोळसा आणि लोखंड असलेल्या राज्यात आमदार फोडण्यासाठी पैसा कमी पडत नाही, हेही मुलांना कळले पाहिजे.

प्रश्न – तासगावकर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. वकीलसाहेब, आणखी दोन शंका आहेत. १९९८ चा निकाल आता राहिलेला नाही असे वाचनात आले. त्याचा सोरेन यांच्या जुन्या प्रकरणावर काही परिणाम झाला का? आणि त्यांचे पुत्र हेमंत सोरेन यांना झालेली अटक याच परिचयात घ्यावी का?

उत्तर – वकील, कऱ्हाड

४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली, १९९८ चा निकाल एकमताने मोडीत काढला. लाच स्वीकारली त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत कसे दिले किंवा दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि अशा गुन्ह्याला सभागृहाचा विशेषाधिकार लागू होत नाही, असे त्या पीठाने ठरवले. हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला तो शिबू सोरेन यांच्या थोरल्या सून सीता सोरेन यांच्यामुळे. २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीत लाच घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि त्यांनी सासऱ्यांच्या प्रकरणातील निकालाचाच आधार मागितला होता. सासऱ्यांना मिळालेले संरक्षण सुनेच्या प्रकरणात संपुष्टात आले, म्हणून भारतीय विधिमंडळांच्या इतिहासात या कुटुंबाचे नाव दोन्ही निकालांशी जोडले गेले आहे. १९९३ चा खटला मात्र त्यामुळे पुन्हा उभा राहिला नाही, आणि आता आरोपीच हयात नसल्यामुळे तो राहणारही नाही. परिचयात एवढेच लिहावे की, या आरोपाचा गुणदोषांवर निवाडा झाला नाही आणि ज्या तत्त्वामुळे तो झाला नाही ते तत्त्व न्यायालयाने पुढे नाकारले.

हेमंत सोरेन यांचे प्रकरण मी या परिचयात घेणार नाही. रांचीतील सुमारे साडेआठ एकर जमिनीसंबंधीच्या आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाखाली ईडीने ३१ जानेवारी २०२४ रोजी त्यांना अटक केली, २८ जून रोजी झारखंड उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जामीन म्हणजे निकाल नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ३४ जागा मिळाल्या आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण मतदारांचा कौल हाही खटल्याचा निकाल नसतो. मुलाचे प्रकरण वडिलांच्या परिचयात घातले तर वाचणाऱ्याच्या मनात दोघांचे आरोप एकमेकांत मिसळतील. त्यांच्यावर स्वतंत्र टिपण करावे, त्यात खटल्याची स्थिती ज्या तारखेपर्यंत तपासली ती तारीख लिहावी, आणि भित्तिपत्रक लावण्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा एकदा पडताळून पाहावी.