मदत हवी आहे: क्रीडा संघटनेच्या वेबसाइटबद्दल लोकांकडून कामाच्या सूचना कशा मिळवायच्या?

नमस्कार मंडळी,

आमच्या स्थानिक बॅडमिंटन संघटनेची वेबसाइट नव्याने करायची आहे. मी कार्यकारिणीवर नाही. मुलगी खेळते आणि मला कंप्यूटरमधलं थोडंफार कळतं, एवढ्या भांडवलावर 'लोकांना काय हवंय ते विचारून घ्या' हे काम माझ्या गळ्यात पडलंय. साइट बनवणारा वेगळा आहे आणि तो यादीची वाट बघतोय.

लोकांना विचारायला हवं यावर कुणाचंच दुमत नाही. कसं विचारायचं यावर घोडं अडलंय.

कार्यकारिणीने एक फॉर्म करून ठेवलाय, चांगला लांबलचक. पहिलाच प्रश्न: 'आपल्या संघटनेचे संकेतस्थळ आपणास कितपत आकर्षक वाटते?' पर्याय: अत्यंत, बऱ्यापैकी, ठीक. वाईट म्हणायची सोयच नाही. पुढे: 'संकेतस्थळ वेगवान व वापरण्यास सुलभ आहे का?' पान झटकन उघडतं पण आत काही सापडत नाही, असं ज्याचं मत आहे त्याने इथे हो म्हणायचं की नाही? आणि शेवटी अर्थातच 'आणखी कोणत्या सुविधा हव्यात?' याची उत्तरं मी घरबसल्या लिहून देते: अ‍ॅप काढा, सामने लाइव्ह दाखवा, फोटो गॅलरी मोठी करा. मागणाऱ्याचं काय जातं!

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर नुसते अंगठे येतात. ग्रुपवर सचिव आहेत, निवड समितीतले लोक आहेत. ज्यांचं मूल उद्या त्याच समितीसमोर निवड चाचणीला उतरणार, ते 'साइट भिकार आहे' असं चारचौघांत कशाला लिहितील?

माझ्या मते खरा अभिप्राय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सचिवांच्या फोनवर येतो. ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता) लागला का? मॅच किती वाजता? अंडर-१३ला जन्मतारीख कुठपर्यंत चालते? शटल नायलॉनचं की पिसांचं? गंमत म्हणजे यातलं बहुतेक सगळं साइटवर आहे. फक्त सापडत नाही, किंवा सापडलं तरी वाचता येत नाही. ड्रॉचंच बघा. मेन्यूत 'उपक्रम', त्यात 'स्पर्धा', त्यात वर्ष आणि मग 'फायनल ड्रॉ न्यू २' नावाची पीडीएफ. उघडली तर फळ्यावर लावलेल्या कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो. ६४चा ड्रॉ म्हणजे ६३ सामने, सहा फेऱ्या, सगळं एका पानात. नाव दिसेपर्यंत मोठं करावं तर वेळेचा रकाना स्क्रीनबाहेर जातो. वेळ दिसावी म्हणून सरकवावं तर ती कुणाच्या नावापुढची होती ते कळत नाही. फोटोच असल्यामुळे नाव टाइप करून शोधायचीही सोय नाही.

त्यातून पहिल्यांदाच स्पर्धेला आलेले पालक. मुलाच्या नावासमोर 'बाय' दिसलं की त्यांना वाटतं पोरगं बाद झालं. पहिली फेरी न खेळता ते थेट दुसरीत गेलंय, हे साइटवर कुठेच लिहिलेलं नाही. उशीर झाला तर वॉकओव्हर जातो, म्हणजे समोरचा न खेळताच जिंकतो, हेही वॉकओव्हर गेल्यावरच कळतं. हे लोक अजून ग्रुपवरही नसतात, फॉर्मही भरत नाहीत, आणि कंटाळून पुढच्या स्पर्धेला आलेच नाहीत तर त्यांना विचारणार कोण? मला सगळ्यात जास्त काळजी याच लोकांची आहे.

थोडं वाचन केलं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेलं 'पाच जणांना वापरायला देऊन बघा, बहुतेक अडचणी कळतात' हे सगळीकडे दिसतं. पण आमच्याकडे पालक, खेळाडू, कोच, पंच, क्लबचे सचिव असे पाच-सहा तऱ्हेचे लोक आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. मग पाच म्हणजे एकूण पाच की प्रत्येक गटातले पाच? दुसरं, एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारा तो दहा विधानांचा एसयूएस नावाचा फॉर्म आमच्यासारख्या छोट्या संघटनेला उपयोगी आहे का? आणि हे सगळं जमवलं तरी कार्यकारिणीला पटवायचं कसं? त्यांचा त्यांच्या फॉर्मवर फार जीव आहे.

कुणी क्लब, संघटना, मंडळ अशा ठिकाणी हे काम केलं असेल तर सांगा. वेळ आहे, पैसे नाहीत.

प्रतिसाद १

मत विचारू नका, काम द्या. समोरच्याच्या हातात त्याचाच फोन, त्याचाच नेट पॅक. सांगायचं, 'तुमच्या मुलीचा पहिला सामना कधी आणि कुठल्या कोर्टवर आहे ते शोधा.' 'ड्रॉचं पान उघडा' असं म्हणू नका. 'ड्रॉ' हा मेन्यूतला शब्द तुम्हीच हातात दिलात तर परीक्षा कसली? मग गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड आहे. माणूस चुकीच्या ठिकाणी बोट ठेवायला लागला की आपली जीभ वळवळते. तो कुठे थांबला, कुठून मागे आला, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटला, एवढंच लिहून घ्या.

पाचाबद्दल: त्यामागचा हिशोब असा की एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, म्हणून पाचांत साधारण ८५ टक्के. पण ते एकाच तऱ्हेच्या वापरणाऱ्यांसाठी आणि तेही सरासरीने. तुमच्याकडे प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्या. सगळे एका दमात उरकू नका. आधी पालक, मग सापडलेली भोकं बुजवा, मग क्लबचे सचिव. पहिल्या दोघा-तिघांनाच जर ड्रॉ सापडला नाही, तर तीच गोष्ट पुढच्या दहा जणांकडून पुन्हा ऐकण्यात काही हशील नाही.

प्रतिसाद २

मी एका संघटनेचा (खेळ वेगळा) सचिव होतो, म्हणून फोनच्या बाजूने लिहितो. सचिवांच्या टेबलावर एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येक फोनचा विषय एका शब्दात: ड्रॉ, वेळ, वय, फी, निकाल. पुढे काठ्या ओढायच्या. एका स्पर्धेची वही भरली की कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त कळतं, आणि कार्यकारिणीला ती लगेच पटते, कारण तो त्रास त्यांचाच असतो.

नव्या पालकांना गाठायचं तर स्पर्धेच्या जागी, रिपोर्टिंगच्या टेबलापाशी गाठा. नाव नोंदवून झालं की मध्ये पुष्कळ वेळ असतो. एकच प्रश्न: 'इथे यायच्या आधी कुठली गोष्ट कळायला त्रास झाला?' वेबसाइट हा शब्द उच्चारूसुद्धा नका. कित्येकांना वेबसाइट आहे हेच माहीत नसतं, आणि तोही अभिप्रायच झाला. विचारणारी व्यक्ती निवड समितीतली नको, हे तुम्ही ओळखलंच आहे.

आता थोडं कडू. तुम्ही लिहिलेल्या अर्ध्या तक्रारी साइटच्या नाहीतच. ड्रॉ फोटो काढून चढवला जातो, कारण तो करणारा माणूस रात्री उशिरा कागदावर करतो आणि त्याला दुसरं काही येत नाही किंवा सुचत नाही. नवी साइट आली तरी तो त्यावर फोटोच चढवेल. तेव्हा त्याच्याशेजारी एक संध्याकाळ बसा आणि तो काय करतो ते बघा. पालकांइतकाच तोही त्या साइटचा वापर करणारा आहे, त्याला कुणी विचारत नाही.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांशी सहमत, पण फॉर्म अगदीच टाकाऊ नाही. एसयूएस १९८६ साली जॉन ब्रूक यांनी तयार केला. विधानं आलटूनपालटून बाजूची आणि विरोधी असतात, त्यामुळे सरसकट 'सहमत' ठोकत जाणारा उघडा पडतो. शंभरपैकी गुण निघतात, ते टक्के नव्हेत, आणि ६८ ही साधारण सरासरी धरतात. कुठे बिघडलंय हे त्यातून कळत नाही. पण जुन्या साइटला एकदा आणि नवी झाल्यावर एकदा भरून घेतलात तर वार्षिक सभेत दाखवायला आकडा मिळतो. कार्यकारिणीला आकडे आवडतात.

साइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी 'हवं ते मिळालं का? हो / नाही' एवढंच ठेवा. 'नाही' दाबलं तरच 'काय शोधत होतात?' असा एक मोकळा चौकोन उघडावा. नाव, फोन काही मागू नका. साइटवर शोधायचा चौकोन असेल तर लोक त्यात काय टाइप करतात त्याची नोंद काढायला सांगा. शून्य निकाल आलेले शब्द आधी वाचा.

आणि फोटोच्या पीडीएफबद्दल: ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते कोरं पान असतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्टही (उजळ-गडदपणातला फरक) तपासून घ्या, साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवा. कोर्टबाहेर उन्हात फोन धरून बघणाऱ्या पालकांनाही त्याचाच फायदा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची कल्पना सचिवांना सांगितली, ते लगेच तयार झाले. रात्री ड्रॉ करणाऱ्या गृहस्थांचा विचार खरंच कुणी केला नव्हता. त्यांना फोन करते.

एक शंका राहिली. अंडर-१५, अंडर-१७ची मुलं साइट सगळ्यात जास्त वापरतात, त्यांनाही काम देऊन बघायचंय. पण मुलांचं काय करावं? स्क्रीन रेकॉर्ड केली तर चालेल का? आणि कार्यकारिणीच्या फॉर्मचं काय करू?

प्रतिसाद १ (पुन्हा)

मुलांच्या बाबतीत आधी पालकांची लेखी परवानगी, पालक शेजारी बसलेले, आणि मूल 'नको' म्हणालं तर विषय संपला. चेहरा, आवाज रेकॉर्ड करायची गरजच नाही. स्क्रीनही नको, मध्येच कुणाचा मेसेज येतो. कागदावर टिपा घ्या, त्यावर नावाऐवजी फक्त वयोगट. त्या निमित्ताने तुमच्या साइटवरच्या यादीत मुलांच्या पूर्ण जन्मतारखा जाहीर होतायत का तेही बघा, पुष्कळ ठिकाणी होतात. वयोगट पुरेसा आहे.

फॉर्मशी भांडू नका. त्यांना म्हणा, पाठवायच्या आधी चार लोकांकडून समोर बसून भरून घेऊ, भरताना त्यांना मोठ्याने वाचायला लावू. 'वेगवान व सुलभ' पाशी पहिलाच माणूस अडखळेल, ते तुमच्याऐवजी त्यालाच बोलू दे. अध्यक्ष तयार असतील तर त्यांनाही त्यांच्या फोनवर अंडर-१३ मुलींचा ड्रॉ शोधायला सांगा. पण एकट्याने बसून, सभेत सगळ्यांसमोर नको.