मदत हवी आहे: स्लाइम मोल्ड आणि अळंबी यांतील फरक जागेवर कसा ओळखावा?

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरजवळ पन्हाळ्याच्या उतारावरील झाडीत एका कुजक्या ओंडक्यावर पांढरी अळंबी आणि तिच्या शेजारीच पिवळाधमक, लिबलिबीत थर (बहुधा स्लाइम मोल्ड) आढळला. अळंबीच्या छत्रीखालचे पातळ पडदे स्पष्ट दिसत होते. थराला मात्र ना देठ, ना छत्री, केवळ पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा होत्या, आणि दुसऱ्या सकाळी तो वीतभर वर सरकून मागे फिकट माग सोडून गेला होता. अळंबीचे तंतू लाकडात पाचकरस सोडून विरघळलेले अन्न शोषतात, तर स्लाइम मोल्ड अमीबाप्रमाणे जिवाणू गिळतो, म्हणूनच त्याची गणना आता बुरशीत होत नाही, हे मी वाचले आहे.

खरी अडचण पुढच्या अवस्थेची आहे. लायकोगाला या स्लाइम मोल्डच्या बीजाणू धरणाऱ्या गोळ्या कोवळ्या असताना दाबल्या की गुलाबी लगदा बाहेर येतो, ही खूण चांगली आहे; परंतु त्या वाळून करड्या झाल्यावर अगदी लहान पफबॉलसारख्याच (चेंडूसारख्या गोल अळंबीसारख्या) भासतात. अशा वेळी साध्या भिंगातून नेमके काय पाहावे, आणि शाळेतील सूक्ष्मदर्शक उपलब्ध झाल्यास बीजाणूंची स्लाइड कशी तयार करावी? सह्याद्रीतील नमुने प्रत्यक्ष हाताळलेल्या जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे; ओंडक्याला धक्का न लावता काढलेली छायाचित्रे मी पाठवू शकेन.