आईला हिपॅटायटिस सी आहे, हात आखडतात, आरए फॅक्टर पण पॉझिटिव्ह. संधिवात समजायचा का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, आई ६१ वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं त्यात हिपॅटायटिस सी निघाला, आम्ही हादरलोच. १९९३ ला पिशवीच्या ऑपरेशनला दोन बाटल्या रक्त चढवलेलं, तिथूनच आला असावा म्हणाले, तेव्हा रक्तपेढीत ही तपासणी सक्तीची नव्हती. लिव्हरचं बरं आहे म्हणे, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) चांगला आलाय, औषधं पुढच्या महिन्यात चालू होतील. माझा प्रश्न हातांचा आहे. दोन वर्षं झाली सकाळी उठलं की मनगटं आणि बोटं धरलेली असतात, तासभर गरम पाण्यात हात घालून बसते तेव्हा कुठं चहा करते, भाकरी थापणं तर बंदच झालंय. हाडाच्या डॉक्टरांनी आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी केली ती पॉझिटिव्ह आली म्हणून संधिवात सांगितला आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट लिहून दिली, पण ती चिठ्ठी हिपॅटायटिस कळायच्या आधीची आहे. गोळ्या आणून ठेवल्यात, अजून दिल्या नाहीत. देऊ का?

जुना_पेशंट
नका देऊ, आधी दोन्ही फायली घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे जा. मेथोट्रेक्सेट लिव्हरवर जाते, हिप सी माहीत असतं तर त्यांनी बहुतेक लिहिलीच नसती. मी यातून गेलोय. आपल्या आजारात संधिवात नसतानाही आरए फॅक्टर भरपूर लोकांचा पॉझिटिव्ह येतो, व्हायरस वर्षानुवर्षं रक्तात बसलेला असतो आणि शरीर त्याच्याशी भांडता भांडता नको त्या अँटीबॉडी बनवत राहतं. अँटी सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी करायला सांगा, खऱ्या संधिवातात ती बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते, हिप सीच्या सांधेदुखीत सहसा नाही, आणि हाताच्या एक्सरेत हाडं खाल्लेली दिसतात का तेही बघतील. माझी सीसीपी निगेटिव्ह होती. १२ आठवडे सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर घेतली, व्हायरस गेला, बोटं तीनचार महिन्यांत मोकळी झाली. गुडघे मात्र अजून दुखतात, ते वयाचं, त्याचं खापर व्हायरसवर कशाला फोडू.
औषधांना पैसे भरू नका, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत, सिव्हिलला चौकशी करा.

काढा_घ्या
रोज सकाळी गुळवेल आणि सुंठीचा काढा द्या, वात मुळापासून जातो, आमच्या घरी तीन पिढ्या घेतात.

लॅबवाला_मामा
काढा_घ्या, राग मानू नका पण इथं नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, आणि या माऊलीच्या लिव्हरमध्ये आधीच व्हायरस आहे.
कृष्णाकाठ, आईच्या नडग्या बघा, लाल-जांभळे बारीक ठिपके येतात का, दाबले तरी न जाणारे? पायाला मुंग्या येतात का, लघवीला फेस येतो का? असेल तर डॉक्टरांना क्रायोग्लोब्युलिनबद्दल विचारा, ही थंडीत गोठणारी प्रथिनं असतात, हिप सीत होतात, सांधे, कातडी, नसा, किडनी सगळीकडे त्रास देतात. आणि टेस्ट सांगितली तर कुठल्याही कलेक्शन सेंटरला देऊ नका. रक्त काढल्यापासून सिरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, वेगळं होईपर्यंत ३७ डिग्रीला ठेवावं लागतं, नाहीतर ती प्रथिनं गुठळीबरोबर खाली बसतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह. बर्फाच्या डब्यातून आलेली सँपलं बघून मी डोकं आपटून घेतो. जिथं मशीन आहे तिथंच जाऊन रक्त द्या. सोबत सी४ या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी करा, या आजारात तो बऱ्याचदा कमी येतो.
तोपर्यंत दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला किती ते लिव्हरच्या डॉक्टरांनाच विचारा. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आणून खाऊ घालू नका, किडनीचं बघायचंय अजून.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. मामा, आईला विचारलं तर म्हणते हो येतात की ठिपके, जास्त वेळ उभं राहिलं की, मला वाटलं डास चावतात. वर्षभर साडीच्या निऱ्यांखाली झाकलेलं आणि आम्हाला पत्ता नाही. अजून एक, तिनं स्वतःचं ताट-पेला वेगळं केलंय आणि नातीला जवळ घेत नाही.

जुना_पेशंट
अहो ताटातून पसरत नाही हा, रक्तातून पसरतो. ब्रश, नेलकटर, ब्लेड तेवढं वेगळं ठेवा. नातीला द्या मांडीवर.

कृष्णाकाठ
सांगितलं. पहिल्यांदा विश्वास बसेना, लिव्हरच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या तोंडून ऐकवलं तेव्हा पटलं. त्यांनी सीसीपी, सी४, लघवी आणि क्रायो सगळं लिहून दिलंय, मेथोट्रेक्सेटची पट्टी मेडिकलला परत. मामा, सांगलीत नाहीतर कोल्हापुरात जिथं जाऊ तिथं रक्त द्यायच्या आधी फोनवर नेमकं काय विचारू?

लॅबवाला_मामा
एवढंच विचारा, "क्रायोचं सँपल तुम्ही कोमट पाण्यात ठेवता का आणि गरम सेंट्रिफ्यूज आहे का?" सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्त गरगर फिरवून सिरम वेगळं करणारं मशीन. समोरचा गडबडला तर दुसरी लॅब.