नखं बघा, शेपटी बघा

कासव नर की मादी हे ओळखायला पोट बघा, आत दबलेलं असेल तर नर आणि सपाट असेल तर मादी, असं बरेच जण सांगतात, ते जमिनीवरच्या बऱ्याच कासवांना लागू पडतं, पण पुण्यात टबात पाळलेली दिसतात ती बहुतेक लाल कानवाली स्लायडर, म्हणजे कानाजवळ लाल पट्टा असलेली पाण्यातली कासवं, त्यांच्यात नुसत्या पोटावर जाऊ नका. पुढच्या पायांची नखं बघा, नराची चांगली लांबलचक असतात, आणि शेपटी जाड, लांब, तिच्यावरचं मलमूत्राचं भोक कवचाच्या कडेच्या बाहेर येतं. पण हे सगळं कवच साधारण १० सेंमी झाल्यावर, त्याआधी दुकानदार सांगेल तो निव्वळ अंदाज.

आमच्या कोथरूडच्या बाल्कनीतला गण्या सहा वर्षं गण्याच होता, मग एका सकाळी टबात चार लांबट पांढरी अंडी, त्यातलं एक त्यानेच, म्हणजे तिनेच, फोडून खाल्लेलं! नर नसला तरी मादी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं येत नाहीत. डॉक्टर म्हणाले ओल्या मातीचं घमेलं ठेवा, जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात. आई अजून गण्याच म्हणते.